आकड्याच्या तोंडून कोण बोलते?

नाताळच्या आदल्या रात्री नेपल्समध्ये जेवणे उरकली की टेबल पुसून त्यावर तिकिटे मांडली जातात. घरातले कोणी मोठे माणूस वेताची छोटी परडी खुळखुळवते. तिथल्या बोलीत तिला ‘पानारिएल्लो’ म्हणतात. परडीत एक ते नव्वद आकड्यांच्या सोंगट्या असतात. एक सोंगटी बाहेर येते आणि हाक उठते, ‘ओ मुओर्तो के पार्ला!’ म्हणजे बोलणारा मेलेला माणूस. लहान पोरेसुद्धा लगेच आपल्या तिकिटावर अठ्ठेचाळीस शोधू लागतात. सापडला की त्यावर घेवड्याचा दाणा किंवा संत्र्याच्या सालीचा तुकडा ठेवतात.

इंग्लंडच्या बिंगो हॉलमध्येही आकड्यांना अशीच नावे आहेत, पण त्यांचा तोंडवळा वेगळा. बावीस आला की ‘टू लिटल डक्स’. दोन बदकांचे नाव निघताच सगळा हॉल एका सुरात ‘क्वॅक क्वॅक’ करतो. अकराला ‘लेग्ज इलेव्हन’ म्हणतात आणि मागून शिट्ट्या येतात. अठ्ठ्याऐंशी म्हणजे ‘टू फॅट लेडीज’.

पुण्यातल्या भिशीत, सोसायटीच्या गणपतीत, वांद्र्याच्या जिमखान्यात, मडगावच्या फेस्तात जो तंबोला किंवा हाऊझी रंगतो, तोही हाच खेळ. तिकिटावर तीन ओळी, नऊ रकाने, पंधरा आकडे. ‘तंबोला’ हा शब्द इटलीतल्या ‘तोंबोला’चा, आणि ‘लेग्ज इलेव्हन’, ‘टू फॅट लेडीज’ ही नावे इंग्रजांची. म्हणजे आपल्या हातातल्या तिकिटावर दोन देशांच्या खुणा आहेत. खेळ एक, आकडे तेवढेच. तरी एका देशात त्या आकड्यांतून मेलेला माणूस बोलतो आणि दुसऱ्या देशात बदके ओरडतात, असे का व्हावे?

कारण शोधायला लागले की गोष्ट खेळापाशी थांबत नाही. परडीतून अमुकच सोंगटी का आली? ती कोणी पाठवली, की नुसती हाताला लागली? देवाच्या इच्छेशिवाय झाडाचे पानही हलत नाही असे मानणाऱ्या माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही. पान त्याच्या इच्छेने हलत असेल तर सोंगटीही त्याच्याच इच्छेने येणार. मग तिच्यातून काही वाचायचे असते का? धर्मपंडितांनी यावर ग्रंथ लिहिले. सामान्य माणसांनी आकड्यांना नावे ठेवली.

या नव्वद आकड्यांचे मूळ जिनोव्हा शहरात आहे. सोळाव्या शतकात तिथल्या प्रजासत्ताकात राज्यकारभारासाठी पाच जण चिठ्ठ्या टाकून निवडत आणि कोणाची चिठ्ठी निघेल यावर लोक पैजा लावत. हीच पद्धत इटलीभर पसरली आणि तिचा ‘लोत्तो’ झाला. नेपल्समध्ये ती १६८२ साली आली तेव्हा तिचे नाव होते ‘बेनेफिचाता’, म्हणजे उपकाराची सोडत. नव्वद गरीब मुलींची नावे नव्वद आकड्यांना जोडलेली असत. ज्या पाच आकड्यांची सोडत निघे त्या मुलींना लग्नासाठी हुंडा मिळे. लोक पैज लावत ती आकड्यावर, पण त्या आकड्यामागे शहरात कुठेतरी एक खरी मुलगी श्वास रोखून बसलेली असे. आकड्याला माणसाचे नाव देण्याची सवय नेपल्सला अशी सुरुवातीपासूनच आहे.

मुली गेल्या, आकडे राहिले, आणि त्यांच्या रिकाम्या जागी स्वप्ने आली. ‘ला स्मोर्फिया’ नावाचे एक पुस्तक नेपल्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या छापले जाते. हे नाव ग्रीकांच्या मॉर्फियस या स्वप्नदेवतेवरून आले असे मानतात. स्वप्नात जे दिसेल त्याचा आकडा या पुस्तकात असतो. मांजर तीन, डुक्कर चार, हात पाच. मारियामाता आठ. शिपाई बारा, दारुडा चौदा, रक्त अठरा, हसू एकोणीस, वेडा बावीस. नाताळ पंचवीस, कारण सण त्याच तारखेचा. येशूचे वय तेहेतीस. संत अंतोन तेरा, कारण त्यांचा सण १३ जूनला येतो. १२३१ साली त्यांचे निधन झाले ते त्याच दिवशी. चांगली दारू पंचेचाळीस, पैसा सेहेचाळीस, पाव पन्नास, आई बावन्न. कुबड असलेला माणूस सत्तावन्न. त्याला शुभशकुनी मानतात. नवरी त्रेसष्ट, दोन बिनलग्नाच्या बायका सहासष्ट, चोर एकोणऐंशी, देऊळ चौऱ्याऐंशी, म्हातारी एकोणनव्वद. काही नावे चारचौघांत उच्चारण्यासारखी नाहीत, पण घरच्या तोंबोलात आजीही ती खुशाल उच्चारते.

सतरा म्हणजे संकट. रोमन लिपीतला सतरा उलटापालटा केला की ‘विक्सी’ हा लॅटिन शब्द होतो, त्याचा अर्थ ‘मी जगलो’, म्हणजे आता जगत नाही. शेवटचा नव्वद म्हणजे भीती. हे सगळे एका दमात वाचले तर एक अख्खे गाव डोळ्यांसमोर उभे राहते. स्वयंपाकघर, तुरुंग, इस्पितळ, दुकान, लग्न, रडणे. काहीच सुटलेले नाही.

सत्तेचाळीसचा अर्थ नुसता मेलेला माणूस. त्याच्या पुढचा अठ्ठेचाळीस म्हणजे बोलणारा मेलेला माणूस. आणि पंच्याऐंशी म्हणजे शुद्धिस्थानातले, स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होत असलेले आत्मे. या तीन आकड्यांपाशी जरा थांबायला हवे, कारण नेपल्सने आपल्या प्रश्नाचे उत्तर इथे दिले आहे. सोंगटी कोण पाठवते? आपले मृत पाठवतात.

चर्चला हे उत्तर कधीच पचले नाही, पण त्याला निश्चित नकारही देता आला नाही. पोप तेरावे बेनेडिक्ट यांनी १७२८ साली लोत्तो खेळणाऱ्यांना बहिष्काराची धमकी दिली. त्यांच्या मागून आलेल्या बाराव्या क्लेमेंट यांनी १७३१ साली ती बंदी उठवली, आणि रोमच्या प्रसिद्ध त्रेव्ही कारंज्याच्या बांधकामाला लोत्तोचाच पैसा लागला. नेपल्समध्ये १७३४ साली नवा राजा चार्ल्स गादीवर आला, तेव्हा दोमिनिकन संघाचे फादर ग्रेगोरिओ रोक्को यांनी लोत्तोला कडाडून विरोध केला. रोक्को म्हणजे रस्त्यावर उतरून काम करणारे संन्यासी. अंधाऱ्या गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर त्यांनी लोकांना देवांच्या तसबिरी लावायला सांगितले, त्यांच्यापुढे दिवे लावून घेतले, आणि त्या दिव्यांमुळे शहराला रात्रीचा उजेड मिळाला. नेपल्समध्ये सांगतात की राजा आणि रोक्को यांच्यात शेवटी तडजोड झाली. लोत्तो चालू राहील, पण नाताळच्या आठवड्यात बंद. लोक तरी कसले थांबतात? त्यांनी आकडे परडीत घालून घरी आणले आणि तोंबोला जन्माला आला. राजाच्या तिजोरीसाठी चाललेल्या जुगाराचा घरातल्या लेकराबाळांचा खेळ झाला आणि स्मोर्फियाची नावे त्याच्याबरोबर घरात आली.

रोक्को ज्या संघाचे, त्याच संघाच्या थोर तत्त्वज्ञाने त्यांच्या सुमारे पाचशे वर्षे आधी सोंगटी कोण पाठवते या प्रश्नाचा विचार करून ठेवला होता. संत थॉमस अक्वायनस नेपल्समध्येच शिकले आणि आयुष्याच्या अखेरीस तिथेच शिकवत होते. चिठ्ठ्या टाकण्याच्या प्रथेवर त्यांनी ‘दे सोर्तिबुस’ नावाचा छोटा प्रबंध लिहिला. त्यांनी चिठ्ठीचे तीन प्रकार पाडले. वाटणीची, सल्ल्याची आणि भविष्याची. भावाभावांत जमीन वाटताना चिठ्ठी टाकली तर त्यात गैर नाही. काय करावे हे कशानेच उमगत नसेल तर नम्रपणे देवाला विचारावे, तेही क्वचित. येशूच्या बारा शिष्यांतली यहूदाची रिकामी जागा भरताना प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकून मत्थियाला निवडले, हा दाखला समोर होताच. पण पुढे काय घडणार हे चिठ्ठीतून काढू पाहणे थॉमस यांना धोक्याचे वाटले. तिथे माणूस देवाला कामाला लावू पाहतो.

गोव्यात आणि कोकणात वाढलेल्या वाचकाला यातला दुसरा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. देवाला कौल लावतात तो हाच. मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणे घालायचे आणि उजवी पाकळी पडते की डावी ते पाहायचे. तिथेही कोणत्या प्रश्नासाठी कौल लावावा याची मर्यादा पाळली जाते. पाकळी पडते ती निसर्गनियमानेच, हे लावणाऱ्यालाही ठाऊक असते. तरी ती पडण्याच्या क्षणी देवळात जी शांतता होते ती खोटी नसते.

नेपल्सचे लोक मात्र तिसऱ्या प्रकारापर्यंत गेले, आणि कसे गेले हे पाहायचे तर सानिता वस्तीतल्या फोंतानेल्लेच्या दफनगुहेत जावे लागते. डोंगर पोखरून दगड काढल्यावर राहिलेल्या या प्रचंड पोकळ्यांत १६५६ च्या प्लेगमधले आणि १८३६-३७ च्या कॉलऱ्यातले असंख्य मृत आणून टाकले होते. त्यांची नावे कोणीच टिपून ठेवली नव्हती. १८७२ साली गाएतानो बार्बाती नावाच्या धर्मगुरूंनी वस्तीतल्या लोकांना हाताशी धरून ही हाडे रचून लावली. त्यानंतर बायका एकेक कवटी दत्तक घेऊ लागल्या. कवटी पुसायची, तिच्याखाली रुमाल घालायचा, फुले वाहायची, दिवा लावायचा आणि तिच्या आत्म्याला शुद्धिस्थानाच्या दाहात गारवा मिळो म्हणून प्रार्थना करायची. या गारव्याला नेपल्सची बोली ‘रेफ्रिस्को’ म्हणते. नेमाने सेवा केली की तो आत्मा स्वप्नात येई, आपले नाव आणि आपली कहाणी सांगे, आणि कृपा झालीच तर लोत्तोचे आकडेही देई. मग कवटीला उशी मिळे, संगमरवराची किंवा लाकडाची पेटी मिळे. आत्मा आलाच नाही तर बाई दुसरी कवटी निवडे.

बाहेरून पाहणाऱ्याला हा सौदा वाटतो, आणि त्यात सौदा होताच. त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ साली शुद्धिस्थानाची शिकवण कायम ठेवताना कुतूहल, अंधश्रद्धा आणि पैशाचा लोभ यांच्यापासून ती दूर ठेवा असे बजावले होते. फोंतानेल्लेत तिन्ही होते. १९६९ साली कार्डिनल कोर्रादो उर्सी यांनी या पूजेला मनाई केली आणि गुहा बंद झाली. त्यांचे धर्मशास्त्र चुकले असे म्हणता येणार नाही. तरीही एक गोष्ट नजरेआड करू नये. ज्या मृतांसाठी कोणी मिस्साची प्रार्थना म्हणत नव्हते, ज्यांना नाव नव्हते, मागे कोणी उरले नव्हते, त्यांच्यासाठी रोज दिवा लावणारी माणसे या शहरात होती, आणि बहुतेक करून ती स्वतः दरिद्री होती. आकडा मिळो न मिळो, कवटीची धूळ पुसली जात होती. बेवारस मृताला स्वप्नातून नाव मिळवून देणे आणि कोऱ्या आकड्याला नाव देणे हे एकाच मनाचे काम आहे. कोणालाही, कशालाही निनावी राहू न देणारे ते मन आहे.

गणित काय सांगते तेही पाहावे. नव्वदांतून पाच आकडे निघतात. तुम्ही सांगितलेले तिन्ही आकडे त्या पाचांत असण्याची शक्यता ११,७४८ मध्ये एक. लोत्तो त्यावर पैजेच्या ४,५०० पट देतो. उरलेले सगळे सरकारजमा. माटिल्डे सेराओ या पत्रकार लेखिकेने १८८४ च्या ‘इल व्हेंत्रे दी नापोली’ या पुस्तकात आणि १८९१ च्या ‘इल पाएझे दी कुकान्या’ या कादंबरीत लोत्तोपायी धुळीला मिळालेली घरे दाखवली आहेत. मृतांनी स्वप्नात दिलेले आकडेही सोडतीत न निघता राहतात. दोष मात्र मृताला लागत नाही, स्वप्नाचा अर्थ लावणाऱ्याला लागतो. श्रद्धा टिकून राहण्याची ही जागा कुठल्याही धर्माच्या माणसाने प्रामाणिकपणे तपासून पाहावी अशी आहे.

या सगळ्याची गाठ एदुआर्दो दे फिलिप्पो यांनी १९४० च्या ‘नोन ती पागो’ या नाटकात बांधून ठेवली आहे. फेर्दिनांदो हा लोत्तोचे दुकान चालवणारा माणूस. स्वतः सतत खेळतो, कधीच जिंकत नाही. त्याच्या हाताखालचा तरुण चार आकड्यांवर मोठी रक्कम जिंकतो, आणि ते आकडे त्याला स्वप्नात येऊन देणारा असतो फेर्दिनांदोचा मेलेला बाप! फेर्दिनांदो पैसे द्यायला नकार देतो. त्याचे म्हणणे असे की हा तरुण आमच्या जुन्या घरात राहतो; वडील मला भेटायला त्या घरी आले आणि चुकून भलत्याच माणसाच्या उशाशी बोलून गेले. आकडे माझे, पैसा माझा. तो वकिलाकडे जातो, पाद्रीकडेही जातो. प्रेक्षक पोट धरून हसतात, पण प्रश्न खरा आहे. मृत बोलतात असे मानले तर त्यांच्या शब्दावर हक्क कोणाचा? आणि ते बोलत नाहीत असे मानले, तर त्यांच्या आत्म्यांसाठी मिस्सा कोणाला ऐकवायच्या? पाद्रीला यातली एक बाजू सोडून दुसरी धरता येत नाही.

इंग्लंडने यातली एक बाजू सोडली होती. चर्च ऑफ इंग्लंडची श्रद्धा एकोणचाळीस कलमांत मांडलेली आहे; १५७१ साली ती पक्की झाली. त्यातले बाविसावे कलम शुद्धिस्थानाची रोमन शिकवण नाकारते. शुद्धिस्थान गेले तसे मृतांना गारवा देण्याचे काम गेले, आणि त्या मृतांनी परत येऊन काही सांगण्याचे कारणही उरले नाही.

चिठ्ठीचा प्रश्न मात्र उरला. कडव्या प्युरिटन धर्मगुरूंचे म्हणणे होते की चिठ्ठी किंवा फासा टाकणे म्हणजे देवाला निवाडा मागणे. म्हणून करमणुकीसाठी फासे टाकणे हा देवाचा अपमान. त्यांना उत्तर दिले टॉमस गॅटकर या धर्मगुरूने. १६१९ साली त्याने चिठ्ठ्यांच्या स्वरूपावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. फाशाचे दान हे इतर कुठल्याही घटनेइतकेच ईश्वराधीन आहे, त्यात त्याचा खास संदेश नसतो, म्हणून निरुपद्रवी खेळ खेळायला हरकत नाही, असे त्याने मांडले. त्यामुळे त्याच्यावर जुगाराची पाठराखण केल्याचा आरोप आला. गंमत अशी की या वादात फासा निषिद्ध मानणारा प्युरिटन आणि कवटीला आकडे विचारणारी नेपल्सची बाई एकाच बाजूला उभे आहेत. सोंगटीच्या मागे कोणीतरी आहे, हे दोघांनाही मान्य आहे. एकटा गॅटकर म्हणतो की सोंगटी ही सोंगटी आहे.

बिंगोची इंग्रजी नावे गॅटकरच्या जगात जन्मली. ब्रिटिश फौजेत पैसे लावून खेळायला मुभा असलेला हा एकच खेळ होता आणि पहिल्या महायुद्धात तो खंदकांतून खेळला गेला. त्यामुळे नऊला नाव पडले ‘डॉक्टर्स ऑर्डर्स’. फौजेचा डॉक्टर कुठल्याही तक्रारीवर ‘नंबर नाइन’ नावाची जुलाबाची गोळी देई. बाकी बरीच नावे यमकावर किंवा आकड्याच्या आकारावर चालतात. ‘फोर’ला ‘नॉक ॲट द डोअर’, ‘थ्री’ला ‘कप ऑफ टी’. दोनचा आकार बदकासारखा. आकारावरून नाव देण्याची ही खोड मराठीलाही आहे. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसले म्हणून न पटणाऱ्यांत ‘छत्तीसचा आकडा’.

काही नावांत जुना काळ थिजून राहिला आहे. सव्वीस म्हणजे ‘बेड अँड ब्रेकफास्ट’, कारण एके काळी मुक्काम आणि न्याहारी अडीच शिलिंगात, म्हणजे दोन शिलिंग सहा पेन्सांत होई. एकवीस म्हणजे ‘की ऑफ द डोअर’, कारण एकविसाव्या वर्षी मूल सज्ञान होई आणि त्याला घराची किल्ली मिळे. १९७० पासून कायद्याने ते वय अठरा झाले, किल्ली मात्र एकविसालाच राहिली. पासष्टला ‘ओल्ड एज पेन्शन’ म्हणतात. निवृत्तीवेतनाचे वय पुढे सरकले तरी नाव जागचे हलले नाही. दहाला पंतप्रधानांचे घर म्हणतात आणि पंतप्रधान बदलला की तेवढे एक नाव बदलते.

या यादीत संत नाहीत. अठ्ठ्याहत्तरला कोणी ‘हेवन्स गेट’ म्हणतात, पण ते स्वर्गाचे दार ‘एट’ला ‘गेट’ जुळते म्हणून आलेले. नेपल्सच्या पंच्याऐंशीत शुद्धिस्थानातले आत्मे तळमळत असतात. इंग्लंडचा पंच्याऐंशी आहे ‘स्टेइंग अलाइव्ह’. जिवंत राहणे, एवढेच. दोन्ही याद्यांत नव्वद हा शेवट. तिकडे तो भीती, इकडे ‘टॉप ऑफ द शॉप’.

म्हणून इंग्रजी नावे उथळ ठरतात असे नाही. खंदकात उद्याची खात्री नसलेल्या पोरांनी आकड्यांत चहा, दार आणि गोळी पाहिली, तेही एक प्रकारे घरच आठवणे होते. हॉलमध्ये दोनशे माणसे एकदम ‘क्वॅक क्वॅक’ करतात तेव्हा त्यांना कोणाकडून संदेश नको असतो. सोबत हवी असते, आणि ती मिळते.

आपल्याकडे आकड्याला नाव देण्याची याहून जुनी रीत आहे, आणि तिचा हेतू तिसराच आहे. संस्कृत ज्योतिषग्रंथांत चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पाच, आकाश म्हणजे शून्य. भास्कराचार्यांनी आपले जन्मवर्ष असेच दिले आहे. रस सहा, गुण तीन, पूर्ण शून्य, मही एक; उलट क्रमाने वाचले की शके १०३६. पद्यात बसावे आणि नकलणाऱ्याच्या हातून बिघडू नये म्हणून आकड्याला शब्दाचे कवच. इथे चंद्र आपल्याशी बोलत नाही. तो फक्त एक सांभाळतो. मात्र तो एक सांभाळण्यासाठीही चंद्रच लागला, नुसती रेघ पुरली नाही.

फोंतानेल्लेची गुहा २०१० मध्ये पुन्हा लोकांसाठी उघडली. पूजेला परवानगी नव्हती. येणारे बहुतेक प्रवासी होते, स्मोर्फिया न वाचलेले. तरी कवट्यांच्या कपाळांवर आणि पेट्यांच्या कडांवर हळूहळू नाणी दिसू लागली, घडी घातलेल्या चिठ्ठ्या दिसू लागल्या, आणि खिशात दुसरे काही नसलेल्यांनी ठेवलेली बसची वापरलेली तिकिटे.